आधी सांडपाणी, मग गरम पाणी, नळ शेवटी: जुन्या घराचं प्लंबिंग बदलताना

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराची न्हाणी फोडली तेव्हा मिस्त्रींनी जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा वीतभर तुकडा कापून माझ्या हातात दिला. बाहेरून अर्धा इंची. आत बघितलं तर शिसपेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं, बाकी सगळा गंज आणि क्षार. "वहिनी, एवढ्यातनं पाणी येत होतं हेच नवल म्हणायचं," ते म्हणाले. आणि आम्ही चार वर्षं धार बारीक येते म्हणून नळ बदलत बसलो होतो.

त्या कामानंतर नणंदेचं विश्रामबागचं घर झालं, भावाचं मिरजेचं झालं. तिन्ही ठिकाणी बजेट तुटपुंजं, तिन्ही ठिकाणी राहत्या घरात काम. प्रत्येक घरात काहीतरी चुकलं आणि पुढच्या घरात ते टळलं. जे पहिल्यांदाच घर दुरुस्तीला काढतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय.  

पैशांचं माझं धोरण एकच आहे: जे भिंतीत आणि जमिनीत गाडलं जाणार त्यात काटकसर नाही, जे डोळ्यांना दिसतं त्यात हवी तेवढी करा. नळ पाच वर्षांनी अर्ध्या तासात बदलता येतो. टाइलमागचा एल्बो (पाइपाचा काटकोनी जोड) बदलायचा म्हणजे न्हाणी पुन्हा फोडायची.

कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी

मिस्त्रीला बोलावण्याआधी घराचा साधा आराखडा काढा, वहीच्या पानावर चालेल. पाणी लागणारी प्रत्येक जागा त्यावर मांडा: न्हाणी, संडास, बेसिन, सिंक, वॉशिंग मशीन, परड्यातली भांडी घासायची तोटी, झाडांचा नळ. आता त्यातल्या किती जागी गरम पाणी खरंच लागतं ते लाल पेनाने दाखवा. आमच्या पहिल्या यादीत सात लाल टिंबं होती. आठवडाभर घरातल्यांच्या सवयी बघितल्यावर तीन उरली. दोन न्हाण्या आणि सिंक. बेसिनला हिवाळ्यात वीस दिवस गरम पाणी बरं वाटतं, त्यासाठी वेगळी लाइन ओढण्यात अर्थ नव्हता.

मग या जागा एकमेकींजवळ आणता येतात का ते बघा. न्हाणी आणि स्वयंपाकघर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आले की पाइप कमी, फोडाफोड कमी आणि गरम पाणीही लवकर येतं. बजेटमध्ये सगळ्यात मोठी बचत इथे होते, ती दुकानात घासाघीस करून होत नाही. नणंदेच्या घरी नवं टॉयलेट पुढच्या खोलीला जोडून हवं होतं. सांडपाण्याची लाइन मात्र मागच्या बोळात. मधे अठ्ठावीस फूट फरशी. ते टॉयलेट मागे सरकवलं आणि तेवढ्याच पैशात दुसऱ्या न्हाणीचं सगळं सामान आलं.

घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं असेल तर त्या भिंतीत पाइप अजिबात गाडू नका. विटेच्या भिंतीत गळती झाली तर पोपडे येतात, मातीच्या भिंतीत झाली तर भिंत आतून विरघळते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तिथे पाइप उघडे, क्लिपांवर. दिसायला साधे दिसतील, दिसू देत. साडेचार इंची विटेच्या भिंतीतही आडवी लांबलचक झिरी मारू देऊ नका. उभी चालते, तीही भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको.

पाणी जाणार कुठून

सगळे जण नळापासून सुरुवात करतात. मी सांगेन, सांडपाण्यापासून करा. येणारं पाणी दाबाने येतं, ते वर चढवता येतं, वळवता येतं. जाणारं पाणी फक्त उतारावर जातं आणि तो उतार तुमच्या फरशीची उंची ठरवतो.

चार इंची लाइनला साधारण चार फुटाला एक इंच उतार पकडा. म्हणजे संडासापासून चेंबर (सांडपाण्याची बांधीव कुंडी) वीस फुटांवर असेल तर पाइपचं दुसरं टोक पाच इंच खाली हवं. हे पाच इंच मिळतात का, हे लेव्हल ट्यूबने आधी मोजून घ्या. ट्यूब म्हणजे पारदर्शक नळी आणि तिच्यात पाणी, आजही याहून स्वस्त आणि खरं बोलणारं अवजार मला माहीत नाही. उतार मिळत नसेल तर न्हाणीची फरशी एक पायरी वर घ्यावी लागेल. घरात म्हातारं माणूस असेल तर ती पायरी नको वाटते, पण मग चेंबर खोल करणं किंवा संडासाची जागा हलवणं एवढेच मार्ग उरतात. हे टाइल विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

संडासासाठी ११० मिलिमीटरचा, म्हणजे आपला चार इंची एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप. न्हाणी आणि सिंकसाठी ७५ मिलिमीटर. पाइपावर आयएस १३५९२ छापलेलं बघून घ्या. जमिनीखाली काटकोनाचा बेंड टाळा, त्याऐवजी पंचेचाळीसचे दोन लावा. जिथे वळण अटळ आहे तिथे झाकणाचा बेंड घ्या, दुकानात डोअर बेंड म्हणतात. दहा वर्षांनी तुंबलं की त्या झाकणातून तार घालता येते. न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या पाण्याच्या वळणात, ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. उथळ ट्रॅप स्वस्त मिळतात आणि उन्हाळ्यात आठ दिवस गावाला जाऊन आलात की घरभर वास.

आता आपल्या काळ्या मातीचं. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट पाइप टाकला की दोन-तीन वर्षांत तो कुठेतरी बसतो, उतार उलटा होतो, जोड निखळतो. चर थोडा जास्त खोल घ्या, तळाला मुरूम टाकून धुमसून घ्या, त्यावर वाळूचा थर, मग पाइप, मग पुन्हा वाळू. एक ट्रॉली मुरूम वाचवायच्या नादात भावाच्या घरी चेंबर तिरकं झालं आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते परत बांधावं लागलं. शोषखड्ड्याचंही तसंच, या मातीत पाणी मुरत नाही. शामरावनगरसारख्या पाणी साचणाऱ्या भागात तर पावसाळ्यात शोषखड्डाच भरून वर येतो. भुयारी गटाराचं कनेक्शन मिळत असेल तर तेच घ्या.

नदीकाठच्या वस्तीत असाल तर महापुराचा विचार आराखड्यातच करा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. एवढा पूर आला तर काहीच वाचत नाही, पण त्याच्या अलीकडे, पाणी गल्लीच्या तोंडाशी असताना, ते रस्त्याने येण्याआधी संडासातून घरात येतं. आमच्याकडे तसंच आलं होतं. आता शेवटच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारी झडप बसवली आहे. ती वर्षातून एकदा मे महिन्यात उघडून साफ करावी लागते, नाहीतर हवी तेव्हाच ती उघडी अडकलेली असते. हौदाचं झाकण जमिनीपासून हातभर वर घ्या. मोटारीचा स्टार्टर आणि गिझरचा पॉइंट मागच्या पुराच्या खुणेच्या वर.

गरम पाण्याचा हिशोब

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती लिटरचा देऊ?" त्याला उत्तर द्यायच्या आधी घरी बसून गणित करा. सोपं आहे. जेवढे लिटर पाणी, गुणिले जितके अंश तापवायचं, भागिले ८६०. उत्तर विजेच्या युनिटमध्ये येतं.

समजा घरात पाच माणसं, प्रत्येकाला वीस लिटरची एक बादली, ४० अंशांची. जानेवारीत पहाटे टाकीतलं पाणी २० अंश धरू. १०० लिटर गुणिले २० अंश भागिले ८६०, म्हणजे रोजचे सव्वादोन युनिटांपेक्षा थोडे जास्त, महिन्याचे सत्तर. त्यात गिझर आणि पाइप थंड होण्यात जातं ते वेगळं. सत्तर युनिट नुसते ऐकायला कमी वाटतात, पण महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपुढचा टप्पा लागला की दर एकदम चढतो आणि गिझरचे युनिट नेमके त्याच टप्प्यात पडतात.

आता पर्याय एकेक करून बघू.

बंब. हसू नका. तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, वाळव्याकडे उसाची चिपाडं आणि तुरकाट्या फुकट पडलेल्या असतात. ज्यांच्या घरी परडं आहे आणि पहाटे उठणारी सासू आहे त्यांनी बंब मोडीत काढू नये. फक्त एक करू नका: बंबाची तोटी थेट घरातल्या प्लास्टिकच्या लाइनला जोडू नका. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप, ९३ अंशांपर्यंतच चालतो आणि बंबातलं पाणी उकळायला लागलं की ते कुणाचं ऐकत नाही. बंब परड्यात, पाणी बादलीत.

इन्स्टंट गिझर. तीन लिटर, तीन किलोवॅटवाला. स्वस्त म्हणून खपतो. २० अंश वाढवायचे तर यातून मिनिटाला दोन लिटरच्या आसपास पाणी मिळतं. बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. सिंकला ठीक, बेसिनला ठीक, पाच माणसांच्या सकाळच्या घाईला नाही.

साठवणीचा गिझर. पंधरा लिटर पाणी ६० अंशांना तापवलं आणि त्यात तेवढंच थंड मिसळलं तर ४० अंशांचं तीस लिटर होतं, म्हणजे दीड बादली. दोन किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी एकवीस मिनिटं लागतात. एकामागोमाग आंघोळी असतील तर पंचवीस लिटरचा घ्या, पंधराच्या आणि त्याच्या किमतीत फार फरक नसतो. आयएस २०८२ आणि स्टार लेबल बघा. बोअरचं पाणी असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी उघडून बघावा लागतो. तो झिजतो म्हणून टाकी टिकते. रॉड संपला की टाकीची पाळी.

गॅस गिझर. १४.२ किलोच्या टाकीतून माझ्या गणिताने साधारण १४५ युनिट विजेएवढी उष्णता पाण्यात उतरते. वर धरलेल्या पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला अर्धी टाकी. खर्चात परवडतो. पण बंद न्हाणीत गॅस गिझर बसवू नका, खिडकी आहे म्हणूनही नाही. ज्वलनात ऑक्सिजन संपतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळ करता करता बसल्या जागी कोसळतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. बसवायचाच तर बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर, आणि आत फक्त पाइप. यात तडजोड नाही.

सोलर. सांगलीला ऊन भरपूर, आणि गच्ची स्वतःची असेल तर माझं मत सोलरच्या बाजूने. १०० लिटरच्या सोलरमध्ये पाणी ६० अंश झालं तर थंड मिसळून २०० लिटर होतं, म्हणजे दहा बादल्या. पाच माणसांना बादलीने आंघोळ करायची असेल तर १०० लिटरमध्ये भागतं, १५० मध्ये निवांत. तरी विकणारा माणूस २०० च सांगतो. शॉवरखाली गाणी म्हणणारी पोरं घरात असतील तर त्याचंही खरं असेल.

काचेच्या नळ्यांचा घ्यायचा की सपाट पत्र्याचा, हे तुमचं पाणी ठरवतं. सपाट पॅनलमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, जड पाण्यातला क्षार त्या चोंदवतो. बोअर असेल तर काचेच्या नळ्या घ्या, क्षार तळाला बसतो, नळी काढून धुता येते आणि फुटलेली एक नळी बदलता येते. कृष्णेचंच पाणी बाराही महिने वापरणार असाल तर सपाट पॅनल जास्त वर्षं टिकतो, महाग पडतो. तोंड दक्षिणेला. सांगलीचा अक्षांश १७ च्या जवळ आहे, हिवाळ्यात ऊन तिरपं येतं म्हणून पॅनल पंचवीस-तीस अंशांवर ठेवतात.

सोलरमध्ये खरी फसगत होते ती उंचीची. नणंदेच्या गच्चीवर पाण्याची टाकी तीन फुटी कट्ट्यावर होती आणि सोलरच्या टाकीचा माथा साडेपाच फुटांवर. बसवणारा माणूस "काय होत नाही ताई" म्हणून बसवून गेला. टाकी काठोकाठ भरलेली असेपर्यंत चालायचं. दोन आंघोळी झाल्या, टाकीतली पातळी उतरली, की गरम पाण्याचा नळ फुसफुसायचा आणि बंद. सोलरमध्ये गरम पाणी आहे, पण वरून ढकलायला थंड पाण्याची उंचीच नाही. शेवटी लोखंडी स्टँड करून टाकी सात फुटांवर नेली, आणि क्रेनचा खर्च सोलरच्या बजेटात कुणी धरला नव्हता. तेव्हा नियम असा: थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर हवा. सोलरची हवा जाणारी उभी नळी त्या टाकीच्याही वर न्या, नाहीतर तिच्यातून पाणी सांडत राहतं. सोलरला थंड पाणी देणारी लाइन वेगळी आणि स्वतंत्र कॉकची.

जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ढग असतात. सोलरच्या टाकीतच वीजकॉइल बसवा, असं सुचवलं जातं. मला पटत नाही, एका माणसासाठी अख्खी टाकी तापवावी लागते. त्यापेक्षा एका न्हाणीत पंधरा लिटरचा गिझर ठेवा आणि पावसाळ्यापुरता वापरा.

आणि हे महत्त्वाचं: आज सोलरचे पैसे नसतील तरी त्याची लाइन आजच टाका. गच्चीपासून न्हाणीपर्यंत गरम पाण्याचा पाइप भिंतीत घालून वरचं तोंड बूच लावून बंद करून ठेवा. काही फूट पाइप आणि एक बूच, एवढाच खर्च. आम्ही गिझरवर तीन हिवाळे काढले आणि चौथ्या वर्षी सोलर आला तेव्हा एकही टाइल फुटली नाही.

गरम पाण्याची लाइन जितकी आखूड तितकी चांगली. पाऊण इंची सीपीव्हीसीमध्ये मीटरला पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून नळापर्यंत पंधरा मीटर असतील तर दर वेळी पावणेचार लिटर थंड पाणी आधी सोडावं लागतं. आमच्याकडे ते एका बादलीत धरून कपडे भिजवायला जातं. उघड्यावरच्या गरम पाइपाला काळी फोमची बाही घाला आणि ती उन्हात विरते म्हणून वरून टेप गुंडाळा. लाइन मधेच वर जाऊन खाली येऊ देऊ नका, त्या उंचवट्यात हवा अडकते आणि पाणी येतच नाही. सोलर आणि गिझरपासून पहिले दोन-तीन फूट धातूचा पाइप, मग सीपीव्हीसी. मे महिन्यात घर बंद असलं की सोलरमधलं पाणी उकळीच्या जवळ जातं.

गिझरच्या पॉइंटला १६ अँपिअरचं सॉकेट, ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच). हा आरसीसीबी जीव वाचवतो. वायरमनने "एमसीबी आहे की" म्हटलं तरी तो वेगळा घ्या, दोघांची कामं वेगळी: एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो.

टाकी आणि दाब

इथे फार वेळ घालवत नाही. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, पाच माणसांना ६७५. हजार लिटरची टाकी पुरते. ती भरली की टनभर वजन होतं, म्हणून जुन्या स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे. महापालिकेच्या लाइनला थेट मोटार लावायची नाही, आधी हौदात, मग वर.

दाबाचं एवढं लक्षात ठेवा: दहा मीटर उंचीला एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब. बैठ्या घरात गच्चीवरच्या टाकीचा तळ आणि शॉवर यांत सात फुटांचा फरक असेल तर दाब एक पंचमांश किलो. शोरूममध्ये धो धो पडणारा तो ताटाएवढा शॉवर तुमच्या घरी ठिबकेल. एकतर साधा शॉवर घ्या, नाहीतर प्रेशर पंपाचे पैसे धरा. पंप लावला तर गरम आणि थंड दोन्ही लाइनवर सारखा दाब हवा. फक्त थंडावर लावला तर गरम-थंड मिसळणाऱ्या नळातून, म्हणजे मिक्सरमधून, थंड पाणी गरमच्या लाइनीत घुसतं आणि सोलर थंड होतो.

सामान

गरम आणि थंड दोन्हींसाठी सीपीव्हीसी. पाइपावर आयएस १५७७८ असतं. फक्त थंड पाण्याला, म्हणजे टाकीपासून संडास, बाग वगैरेंना, यूपीव्हीसी चालतं आणि स्वस्त पडतं. दोघांचं सोल्युशन (जोड चिकटवायचा द्राव) वेगळं, एकाचं दुसऱ्याला वापरू देऊ नका. मुख्य लाइन पाऊण इंची, शेवटचा नळाकडे जाणारा तुकडा अर्धा इंची. जुन्या जीआयच्या एखाद्या बऱ्या दिसणाऱ्या तुकड्याला नवा पाइप जोडायचा मोह आवरा. फोडलंच आहे तर सगळं काढा, आतला तो पेन्सिलचा गंज नव्या नळात येऊन बसतो.

नळ ज्या जोडावर बसतो तो पितळी आट्यांचा घ्या. प्लास्टिकच्या आट्या पाना लावला की तडकतात. प्रत्येक न्हाणीला गरम-थंडाचे वेगळे कॉक, सिंकला वेगळे. एक नळ दुरुस्त करायला सगळ्या घराचं पाणी बंद करायची वेळ येऊ नये.

बचत कुठे? भिंतीतला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा) टाळा, भिंतीबाहेरचा वॉल मिक्सर घ्या. किमतीत फरक आहेच, शिवाय बिघडला तर पाना लावून काढता येतो. डायव्हर्टर घेतलाच तर टाइल आणि तिच्यामागच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याची जाडी धरून त्याची खोली ठरवा. आमचा एक अर्धा इंच जास्त आत गेला आणि त्याची तबकडी भिंतीला टेकेना. आजही मागे पांढऱ्या सिमेंटची कड दिसते. कमोड मात्र पाइप टाकण्याआधी विकत आणा, निदान त्याचं माप. भिंतीपासून भोकाचं अंतर प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं आणि ते माप तयार भिंतीपासून, म्हणजे टाइलपासून मोजायचं. बादलीचा नळ तयार फरशीपासून दोन फुटांवर घ्या. गरम डावीकडे, थंड उजवीकडे.

मिस्त्री

मजुरी तीन प्रकारे सांगतात: पॉइंटवर (पाण्याच्या प्रत्येक जागेमागे), फुटावर किंवा लंपसम (सगळ्या कामाची एकठोक). लंपसम ऐकायला सोपं असतं आणि भांडण तिथेच होतं. मला पॉइंटवर बरं पडलं. पण पॉइंट म्हणजे काय, ते वहीत लिहून घ्या. वॉल मिक्सर एक पॉइंट की दोन? झिरी मारणं आणि ती बुजवणं त्यात धरलं का? राडारोडा कोण उचलणार? सामान स्वतः आणा, पण यादी मिस्त्रीकडून घ्या आणि दोन दुकानांत दर विचारा. उरलेले एल्बो-टी परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारून ठेवा. घेतो म्हणाला तर दहा-वीस जादाच आणा, नाहीतर एका टीसाठी मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो.

दाबाची चाचणी

प्लास्टर आणि टाइलच्या आधी हे झालंच पाहिजे. मिस्त्री म्हणेल, "पाणी सोडून बघितलंय, कुठं गळत नाही." ते पुरेसं नाही. सगळी तोंडं बुचं लावून बंद करायची, हाताने मारायचा टेस्टिंग पंप जोडायचा, सोल्युशनला वाळायला एक दिवस द्यायचा आणि मग दाब चढवायचा.

आमच्या घरी काटा आठ किलोवर नेऊन ठेवला आणि चहाला बसलो. चहा होईपर्यंत काटा सातवर. पुन्हा चढवला, पुन्हा उतरला. मिस्त्री म्हणाले पंपाचाच वॉशर गेला असेल. मी बॅटरी घेऊन भिंतीशी बसले. अर्ध्या तासाने गिझरच्या थंड पाण्याच्या पितळी एल्बोखाली विटेवर रुपयाएवढा ओला डाग दिसला. हात लावला तर थेंब. टेफलॉन टेपचे दोन वेढे कमी पडले होते, एवढंच. तो डाग टाइलखाली गेला असता तर सहा महिन्यांनी पलीकडच्या देवघराच्या भिंतीवर उमटला असता. जोड नव्याने करून पुन्हा चढवल्यावर काटा रात्रभर आठवर राहिला. मगच गवंड्याला हाक मारली.

न्हाणीच्या वॉटरप्रूफिंगवरही तसंच. ट्रॅपला बोळा घालून दोन इंच पाणी दोन दिवस उभं करा आणि खालच्या छताकडे बघत राहा.

भिंत बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी उघडी मोजपट्टी धरून. उद्या आरसा टांगायला कुणी ड्रिल घेऊन आलं की तो फोटो दाखवायचा. आमच्या घरात फोटो आहेत. भावाच्या घरात नाहीत, आणि त्याच्या टॉवेलच्या दांडीचा पहिला खिळा थेट पाइपात गेला.

मिस्त्रीचा शेवटचा हप्ता महिनाभर राखून ठेवा आणि ते कामाआधीच सांगा. त्या महिन्यात एकदा रात्री सगळे नळ बंद झाल्यावर, मोटार बंद ठेवून, टाकीत पाणी कुठवर आहे तिथे आतून पेन्सिलने खूण करा. सकाळी पहिला नळ सोडायच्या आधी टॉर्च घेऊन वर जा.